नववीची वर्गणी

चाकणच्या आसपासच्या गावांत यात्रेची वर्गणी जमवायला फारसं फिरावं लागत नाही. बैलगाडा शर्यतीच्या बक्षिसाचा विषय निघाला की पारावरच आकडे सुटतात, पावतीसुद्धा कुणी मागत नाही. हायस्कूलचं नाव काढा, "झेडपीची आहे की शाळा," म्हणून माणसं उठायला लागतात. आहे, पण बहुतेक ठिकाणी फार तर सातवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदाही आठवीला हात सोडतो. नववी-दहावी महाराष्ट्रात पूर्वापार संस्थांची, आणि २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यापासून नवी संस्था म्हणजे बहुधा फीवर चालणारी शाळा.

गावाला शिक्षणाची किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. जमिनीचे पैसे ज्यांच्या हाती आले त्यांची पोरं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. उरतात भाड्याच्या खोल्यांतली, लातूर-बीडकडून, बिहारमधून आलेल्या कंत्राटी कामगारांची. त्यांच्यासाठी आम्ही का द्यायचं, हे उघड कुणी बोलत नाही इतकंच. भाडेकरूला तरी पुढच्या दिवाळीला आपण इथे असू याची खात्री कुठे असते?

मग नजर जाते कंपन्यांकडे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. 'सीएसआर' हा शब्द आता सरपंचांच्याही तोंडी बसलाय. पण इमारत एकदाच बांधायची असते, शिक्षकांचा पगार दर महिन्याला लागतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड काढला, तेव्हा घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. मोठ्या देणग्या कर्मवीरांनीही घेतल्या. पण मूठ देणाऱ्या बाईला 'पोरं शिकतात का?' असं विचारायचा हक्क मिळाला. फलकावर कंपनीचं नाव असलेल्या शाळेत हे कोण विचारणार? मी राहतो त्या पिंपरी-चिंचवडच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षणकराचा रकाना असतो. आमच्या सोसायटीत पाणीपट्टीवरून हमरीतुमरी होते, त्या रकान्यावर बोट ठेवलेलं मात्र मी पाहिलेलं नाही. आपोआप कापल्या गेलेल्या पैशाचा हिशेब कुणी मागत नाही.

म्हणून कंपनीने पूर्ण खर्च उचलला तरी दारोदार जावं, भाडेकरूकडूनही दहा रुपये घ्यावेत आणि पावती फाडावी. पावतीपुस्तकाचा खर्च जास्त होईल, असं कुणी हिशेबी माणूस म्हणेल. होऊ दे. चाकणच्याच खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. गाव मागे उभं राहिलं आणि २०२५ साली ती जागतिक स्पर्धेत लोकसहभागाच्या गटात अंतिम दहांत पोचली. तिथे इमारतीआधी माणसं जमली होती.

राहतो जागेचा प्रश्न. तो दहा रुपयांनी सुटत नाही. गायरान शिल्लक असेल, तर गोडाऊनवाल्याचा अर्ज यायच्या आत ग्रामसभेने ठराव करून कलेक्टर कचेरी गाठायला हवी.