चौक, चाळ आणि भाडे

मुंबईतल्या घरांचा विषय निघाला की आमच्या परिचितांत लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते जमिनी एकत्र कराव्यात, उंच बांधावे, घरे वाढली की भाव उतरतील. दुसऱ्याच्या मते माणसाला जमिनीचा तुकडा, नळ आणि गटार द्यावे. घर तो ऐपतीप्रमाणे वाढवत नेईल. साहित्याच्या माणसांचा ओढा बहुधा दुसऱ्या पक्षाकडे असतो. आमचाही आहे; मात्र त्यात विचार किती आणि चाळीविषयीचा हळवेपणा किती, हे तपासावेसे वाटते.

चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी बेलापूरला रचलेली वसाहत हा या पक्षाचा लाडका दाखला. एका चौकाभोवती सात घरे. भूखंड साधारण 45 ते 70 चौरस मीटरचे, म्हणजे उत्पन्नातले अंतर जमिनीवर फारसे दिसू नये. आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणून ज्याला वाढवायचे त्याने खुशाल वाढवावे. लोकांनी वाढवलीच. उतरती छपरे जाऊन अनेक ठिकाणी मजले चढले. रेखाटने पाहून तिथे जाणारा हिरमुसतो. आम्हाला ती पडझड वाटत नाही. अडचण निराळीच आहे. अशा वस्तीला जमीन लागते, आणि ती होती कारण नव्या शहरासाठी सरकारने आधीच मोठे भूसंपादन केले होते. त्या शहराची कल्पना 1960च्या दशकात मांडणाऱ्यांत प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह स्वतः कोरियाच होते. त्या लहानशा चौकाच्या पोटात एक अवाढव्य आराखडा आहे.

उलट, बी.डी.डी. चाळी घ्या. 1920 साली स्थापन झालेल्या सरकारी खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती उभारल्या, साऱ्या एका साच्याच्या. इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. आरंभी अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या होत्या. ज्या आपलेपणाचे आपण आज गोडवे गातो, तो या कोरड्या सरकारी काँक्रीटमध्ये रुजला. तो रुजला कारण भाडे कमी होते आणि उद्या कोणी उठवणार नाही अशी खात्री होती.

भाडे हा शब्द आमच्या समीक्षेत क्वचितच येतो. जयंत पवारांचे ‘अधांतर’ शिकवताना आम्ही 1982चा संप, बेकारी, घराची फरफट यांविषयी पुष्कळ बोललो. बदलापूरहून लोकलने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “त्या खोलीचं भाडं किती असेल हो?” प्रश्न आम्हाला समीक्षेचाच वाटला. 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली, म्हणून पगार थांबला तरी अनेकांची खोली टिकली. त्याच गोठलेल्या भाड्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली, आणि 1969च्या कायद्याने दुरुस्तीसाठी सरकारला मंडळ नेमावे लागले.

गिरण्यांच्या जमिनीचे उदाहरण तर सर्वांना ठाऊकच आहे. 1991च्या नियमाने पुनर्विकासात साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिकेला आणि म्हाडाला मिळायचा. 2001मध्ये तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मोठ्या आराखड्याचे आम्हाला भय वाटते ते याचे. उंचीचे नाही.

सध्या आमच्या चाळीपुढे हाच वाद आहे. शहर भागात समूह पुनर्विकासाला किमान 4000 चौरस मीटर जमीन लागते. तेव्हा एक तर शेजारच्या इमारतींसह विकासकाकडे जायचे, नाही तर भाडेकरूंनी कर्ज काढून स्वतः बांधायचे. आम्ही दुसऱ्या बाजूचे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही, सामाईक संडासापर्यंत जाणेही जिवावर येते. कर्ज मंजूर होईपर्यंत थांबा, असे त्यांना सांगण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही. गेल्या बैठकीत विकासकाच्या माणसाने लिफ्टची, वाहनतळाची, बगिच्याची चित्रे दाखवली. आजींच्या मुलाने एवढेच विचारले, “दर महिन्याला मेन्टेनन्स किती भरायचा?” तो आकडा पुढच्या बैठकीत मिळणार आहे.