सगळी नावं वाचा

फर्माईश गाण्यासाठी पाठवतात, हे मला कधीच पुरतं पटलेलं नाही. गाणंच हवं असतं तर घरात कॅसेट होती, आता हातात फोन आहे. तरी माणसं रेडिओला लिहीत राहिली, आणि मागितलेलं गाणं सुरू झालं की बरेचदा गप्पा मारत राहिली. कान टवकारलेले असायचे ते गाण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाला.

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. रात्री दहाला ‘छायागीत’, साडेदहाला ‘आपकी फर्माइश’ हा क्रम आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलेला. ‘छायागीत’ सर्वस्वी निवेदकाचं. तो एखादा विषय धरतो, कधी पाऊस, कधी नुसतं वाट पाहणं. स्वतः लिहितो, स्वतः गाणी निवडतो. आपण मुकाट ऐकायचं. मग साडेदहा वाजतात आणि बोलायची पाळी आपल्यावर येते. वेळ ठरलेली, रीत ठरलेली, म्हणूनच कधी माईकसमोर न गेलेल्या माणसालाही त्यात शिरायचा धीर व्हायचा.

आमच्या आळीतून जायचं ते पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांचं. गाणं, चित्रपट आणि गायक दोन ओळींत आटपायचे. उरलेलं सगळं कार्ड नावांना. कुठलं गाणं मागायचं यावर फारसा वाद नसे, पण कोणाचं नाव आधी यावर संध्याकाळ जायची. खाली येता येता अक्षर मुंगीएवढं होई, शेवटची दोन-तीन नावं समासात उभी चढत, आणि तरीही कुणी राहून गेलंच तर ‘आणि सर्व मित्रपरिवार’ होताच. मग कित्येक आठवडे काही नाही. एखाद्या रात्री अचानक आमचं गाव ऐकू यायचं. हिंदी निवेदनात आमच्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला असायचा, आडनावं धावत्या गाडीतून दिसणाऱ्या स्टेशनांसारखी निघून जायची. पण त्या यादीत आमच्या आधी कुठलं तरी राजस्थानातलं गाव असे आणि नंतर बिहारमधलं. त्या सगळ्यांना आणि आम्हाला एकच गाणं हवं होतं, हे कळण्यातली मजा घरच्या कॅसेटला कुठून येणार?

अभ्रकाच्या खाणींचं झुमरीतिलैया याच नादानं देशभर ठाऊक झालं. आज ते झारखंडात आहे, तेव्हा बिहारमध्ये होतं. रेडिओ सिलोन असो की विविध भारती, तिथली फर्माईश ठरलेली. इतकी की असं गाव खरंच आहे का, असं लोक विचारत. मराठीत ‘आपली आवड’ या फर्माईशीच्या कार्यक्रमानं कितीतरी खेड्यांसाठी हेच केलं.

फर्माईशीच्या कार्यक्रमांना रात्रच का मानवते, याचं एक साधं भौतिक कारण आहे. वातावरणातला जो विद्युतभारित थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो, तो सूर्यास्तानंतर विरतो. मग त्याच लहरी त्याच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. दिवसा नुसती खरखर करणारं केंद्र रात्री स्वच्छ लागतं. शिवाय रात्रीचे जागे लोक निराळे. आमच्याकडे शेतीची वीज रात्री येते; बांधावरच्या बाभळीला रेडिओ अडकवून गुडघाभर चिखलात कांद्याचे वाफे भरणारा माणूस मी पाहिलेला आहे. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवताना तो परक्यांची नावं ऐकत होता.

आता एसएमएस आले, थेट फोन आले. फोनवर निवेदक विचारतो, पाऊस झाला का, मुलं काय करतात. श्रोत्याचा आवाज आधी कापतो, मग सैल होतो. तेही मला मनापासून आवडतं. पण तो एकाचाच मान झाला. यादीत अख्खी आळी मावायची. वेळ वाचवायला नावं छाटावीत आणि गाणी वाढवावीत, असं कुणी सुचवलं की मला राग येतो. वेळ कमीच असेल तर शेवटचं कडवं कापा, एखादं गाणं उद्यावर टाका. नावं मात्र सगळी वाचा, समासातलीसुद्धा.