हातावरची तुळस



मागच्या महिन्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवून पुढचे लिहिणे बरे नव्हे, म्हणून आधी तीच सांगतो. दहावीच्या वर्गातील एक मुलगी सुट्टी संपवून शाळेत आली तेव्हा तिच्या उजव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूला, ताजे गोंदण होते. हल्ली मुले त्याला टॅटू म्हणतात. कातडी अजून सुजलेली होती. प्रार्थनेच्या वेळी आम्ही तिला सर्वांसमोर उभे केले आणि "सिनेमे पाहून ही थेरे सुचतात" असे बोलून गेलो. ती खाली मान घालून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. मुलीची आजी गेल्या पावसाळ्यात वारली. आजीच्या हातावर तुळशीचे वृंदावन होते, ते मुलीने आजी असतानाच वहीत उतरवून घेतले होते. जत्रेतल्या मशीनवाल्यापुढे तिने वहीचा तोच कागद ठेवला. त्याच्याकडे फुलपाखरे होती, बदाम होते, इंग्रजी अक्षरे होती. तिने यातले काहीच घेतले नाही. आजीच्या हातावर जिथे तुळस होती, तिथेच आपल्याला हवी असे सांगितले.

आम्हाला आमच्याच हाताची आठवण झाली. आमच्या डाव्या मनगटाच्या वर पाच टिंबे आणि एक मासोळी आहे, हे शाळेत फारसे कुणाला ठाऊक नसेल. आम्ही नऊ वर्षांचे होतो. घाटावरून कोरवी बायका आल्या होत्या. आजीने अंगणात पाट मांडला, आत्याने हात घट्ट धरला. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खलून, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून त्यांनी टोचायला सुरुवात केली. आम्ही रडलो तेवढे कधी रडलो नसू. नंतर वर हळद आणि तेल लावले. त्या बाईला आजीने शेरभर तांदूळ, एक नारळ आणि जुने लुगडे दिले. मासोळी का, हे आम्हाला कुणी विचारले नाही. ती आजीची आवड होती.

पुढे काका रेल्वेत असल्यामुळे आम्ही मध्य प्रदेशात शिकायला गेलो आणि हिंदी माध्यमातून पदवी घेतली. वसतिगृहात मुली आमचा हात पाहून हसत. आम्ही उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालू लागलो. मंडला जिल्ह्यातील एक मैत्रीण मात्र हसली नाही. तिच्या गावाकडच्या बैगा स्त्रियांच्या कपाळावर, पाठीवर, पायांवर गोदना असतो, असे ती सांगे. तो काढायला बादी समाजातील स्त्रिया येतात. त्यांना बदनीन म्हणतात. काजळी रामतिलाच्या तेलाची, म्हणजे आपल्या कारळ्याच्या तेलाची. कपाळावरचे पहिले गोंदण लहानपणीच होते आणि बाकीचे वय वाढेल तसे. आमच्या हातावरची मासोळी पाहून तिने आम्हाला घरचे मानले. एवढे असूनही बाह्या आम्ही लांबच ठेवल्या.

मुलीच्या आईचे ऐकल्यावर मात्र चैन पडेना. पुढच्या दोन रविवारी आम्ही बाजारकुणंग आणि जवळच्या वाड्यांवरच्या आजींकडे गेलो आणि विचारले, हे कुणी ठरवले? आमची समजूत होती की सगळ्यांनाच आमच्यासारखे धरून बसवले असणार. बऱ्याच जणींना तसेच बसवले होते. पण एक आजी खुदकन हसल्या. त्यांच्या हातावर खेकडा आहे. पावसाळ्यात ओढ्यावर खेकडे धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून त्यांनीच सांगून तो काढून घेतला. घरच्यांना तुळस हवी होती. दुसऱ्या एका आजीच्या दंडावर सात टिंबांची ओळ आहे. तशीच ओळ त्यांच्या मैत्रिणीच्या दंडावर होती. लग्न होऊन दोघी दोन गावांना जाणार म्हणून एकाच दिवशी एकाच सुईने काढली. तिसऱ्या आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या हातावर भावाचे नाव देवनागरीत आहे. त्या त्यावरून बोट फिरवून "हा तो" एवढेच म्हणाल्या. त्यांच्या ओळखीची तेवढीच अक्षरे.

आणि सुपा धरणात गाव गेलेल्या एक आजी. १९८०च्या दशकात काळी नदीचे पाणी चढत गेले, जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला, हे मुलांनी पुस्तकात वाचले असेल. आजी म्हणाल्या, घर गेले, माड गेले, अंगणातली तुळस गेली, हातावरची तेवढी बरोबर आली. सोने-नाणे इथेच राहते, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येते, असे जुन्या बायका म्हणतात. या आजींच्या बाबतीत ते जिवंतपणीच खरे झाले.

ते राहते कसे, हा प्रश्न सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारला. कातडीचा वरचा थर सतत झिजतो आणि नवा येतो. सुई त्याच्या खालच्या थरापर्यंत जाते. तिथे शरीराच्या रक्षक पेशी काजळीचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेले कण नवी पेशी गिळून घेते. म्हणजे पेशी बदलतात, नक्षी तिथेच राहते.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत टॅटूवर बंदी घालावी अशी सूचना आली आहे. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कुणीही टॅटू काढू नये, याला आमचा पाठिंबा आहे. जत्रेत एकच सुई किती जणांना लागते हे कुणी पाहत नाही आणि त्यातून कावीळ किंवा एचआयव्हीची बाधा होऊ शकते. मुलीच्या हाताची सूज उतरायला दहा दिवस लागले. पण ज्यांच्या हातावर ते आहे त्यांना वर्गाबाहेर उभे करावे, हे आम्हाला मान्य नाही. सोमवारी त्याच प्रार्थनेच्या वेळी आम्ही तिची माफी मागितली आणि बाही वर करून आमची मासोळी दाखवली. पहिलीची मुले हसली. या खेपेस आम्हीही हसलो.

एक काळजी मात्र आहे. या मुलीला सैन्यात जायचे आहे. सैन्य पोलीस दलात महिला जवानांची पहिली ८३ जणींची तुकडी २०२१ मध्ये बेंगळुरूत तयार झाली, त्याचे कात्रण तिने वहीत चिकटवले आहे. सैन्यभरतीच्या नियमाप्रमाणे कायमचे गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागे चालते. इतरत्र चालत नाही. आजीच्या जागेचा हट्ट धरल्यामुळे हिचे नेमके बाहेरच्या बाजूला आहे. रूढीप्रमाणे गोंदणाऱ्या आदिवासी उमेदवारांना या नियमात सवलत आहे. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप हे समाज २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. आपल्या जोयड्यातील कुणबी समाजाची तीच मागणी कितीतरी वर्षांची आहे. या मुलीची सख्खी मावशी हद्दीपलीकडे दिलेली आहे. तिच्या आणि इथल्या आजीच्या हातावर एकच तुळस, एकाच बाईने काढलेली. मावशीच्या मुलीने ती काढली तर भरतीच्या वेळी तिच्याकडे दाखवायला कागद असेल. हिच्याकडे कोणता असेल? याबाबत जाणकारांनी, विशेषतः निवृत्त जवान पालकांनी, शाळेत येऊन मार्गदर्शन करावे ही विनंती.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. ऑफिसात एक कोरी हजेरीवही ठेवली आहे. शिमग्याच्या सुट्टीत आपल्या घरातील किंवा शेजारच्या आजींचे गोंदण पेन्सिलीने कागदावर काढून आणावे. ते कोणत्या हातावर आहे, किती वयात काढले, कुणी काढले आणि कुणाच्या मर्जीने, एवढे खाली लिहावे. आजींना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. दुपारी जेवणानंतर जाऊ नये, त्या वेळी त्या झोपतात.