रेशनकार्ड आणि रंगून



तुमच्या घरात फळीवर, डब्याखाली नाहीतर देवाच्या कोनाड्यात रेशनकार्ड ठेवलेले असेल. गोरगरिबांची दया येऊन कोणा साहेबाने ते काढले, असे आपण धरून चालतो. तसे नाही बरं का. त्याचे मूळ लढाईत आहे.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले. तोवर ब्रह्मदेशातून आपल्याकडे वर्षाला १० लाख टनांहून अधिक तांदूळ येई. तो एकदम तुटला. इकडे फौज पोसायची, गोदी आणि गिरण्या चालू ठेवायच्या. कामगारच उपाशी राहिला तर लढाईचे सामान बनवणार कोण? म्हणून १९४३ मध्ये मुंबईत रेशन आले. त्याच साली सरकारच्या धान्यधोरण समितीने सांगितले की, लाखावर वस्तीच्या शहरांत रेशन करावे. लाखावर! म्हणजे तुमचे-माझे गाव त्यात नव्हतेच. शहराला कार्ड आणि खेड्याला लेव्ही. ज्याने पिकवले त्याने मोजून द्यायचे.

बंगालात हा हिशेब फार महागात पडला. जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून सरकारने १९४२ मध्येच किनाऱ्याकडच्या गावांतला तांदूळ आणि होड्या काढून घेतल्या होत्या. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी स्वस्त धान्याची सोय होती. १९४३ च्या दुष्काळात मेले ते मुख्यतः खेड्यातले, म्हणजे भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर. चौकशी आयोगाने आकडा १५ लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. शेतात राबणारेच भुकेने जावेत, हे माझ्यासारख्या शेतकीच्या माणसाला वाचवत नाही.

आता माझ्या पोटापाण्याचे सांगतो. लढाईच्याच दिवसांत 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. ती का लंगडली हे पाहायला समिती बसली. १९५२ मध्ये तिने सांगितले की, नुसते बी-खत वाटून भागणार नाही, गावात जाऊन शेतकऱ्याशी बोलणारा माणूस हवा. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५३ ला, राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. त्या सेवेतलाच मी एक. माझ्या खुर्चीचा एक पाय रंगूनमध्ये आहे, असे मी कचेरीत थट्टेने म्हणतो.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचेही तेच. लढाई चालू असतानाच, १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली. हे भोर जन्माने नाशिकचे. ४०,००० वस्तीमागे एक केंद्र असावे, असे तिने १९४६ मध्ये सुचवले. लढाई संपल्यावर लोकांपुढे काहीतरी ठेवावे लागणार, हे सरकारलाही कळत होते.

खेड्याच्या वाट्याला पुरते रेशन यायला मात्र फार वर्षे गेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना ५ किलो धान्य हा हक्क झाला. त्याच कायद्यात एक कलम आहे, ते माउल्यांनी नीट ऐकावे. घरातली १८ वर्षांवरील सर्वांत वडील बाई, तीच कार्डावर कुटुंबप्रमुख. तेव्हा आज डब्याखालचे कार्ड काढा आणि पहिले नाव कोणाचे ते वाचा. तुमचे नसेल, तर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.