स्वराजद्वीपाचे निळे पाणी आणि बुडीचा हिशेब

अंदमानच्या राजधानीचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम् झाले. तरी धक्क्यावरच्या माणसांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअर हेच नाव आहे. तेथून सरकारी बोटीने ईशान्येकडे निघाले की सुमारे अडीच तासांनी एक हिरवेगार बेट समोर येते. हेच स्वराजद्वीप. २०१८ च्या अखेरीपर्यंत त्यास हॅवलॉक म्हणत असत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना येथे जमिनी मिळाल्या, आणि त्यांनी आपल्या वाड्यांना गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर अशी देवाची नावे दिली. माड, पोफळी व भाताची खाचरे पाहून गोव्याकडील माणसास क्षणभर आपण घरीच आहोत असे वाटावे.

परंतु आज या बेटाची कीर्ती शेतीमुळे नाही, तर पाण्याखालील सृष्टीमुळे आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळ व मासे पाहण्यास येथे देशोदेशीचे लोक येतात. त्यांना खाली नेणाऱ्या वाटाड्यांत कारेन जमातीचे तरुण पुष्कळ. त्यांचे पूर्वज १९२५ साली ब्रह्मदेशातून येऊन मध्य अंदमानात मायाबंदरजवळ वसले. समुद्र हे त्यांचे अंगणच. अशाच एका वाटाड्यापाशी आम्ही किनाऱ्यावर बसलो असता सहज विचारले, "बाबा, शार्कची भीती वाटत नाही का?" तो हसला आणि म्हणाला, "फादर, शार्क दिसतो. मला न दिसणाऱ्याची भीती वाटते."

न दिसणारे ते काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी एक दाब पाण्यात दर दहा मीटरांस वाढत जातो. म्हणजे तीस मीटरांवर तो चौपट होतो. अशा दाबाखाली श्वासातील नत्रवायू रक्तात व मांसात अधिकाधिक विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो वायू फुप्फुसांवाटे निमूटपणे निघून जातो. घाईने वर आला तर मात्र सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम काढावे तसे अंगात बुडबुडे उठतात. सांध्यांत उठले तर असह्य वेदना, मज्जारज्जूत उठले तर पाय लुळे.

हा विकार नवा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना नदीतळाशी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत उतरून काम करणारे मजूर याच दुखण्याने वाकून जात. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली त्याने अंथरुणास खिळला, आणि पुढील देखरेख त्याच्या पत्नीच्या हातून झाली. याचे कारण नत्रवायूचे बुडबुडे होय, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखविले. आणि टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यावे, हा उपाय इंग्लंडच्या हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली मांडला. आजचा वाटाड्या वर येताना पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतो, ते याच शोधाचे फळ.

तथापि सर्व नियम पाळूनही हा विकार कधी कधी होतो. येथेच आमच्या सांगण्याचे मर्म आहे. वाटाड्याच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार आली: दुखणे जेवढा घात करीत नाही, तेवढा ते लपविण्याने होतो. बुडी मारून आलेल्या माणसाचा खांदा किंवा कोपर ठणकू लागतो, अंगास खाज येते, अवाजवी थकवा वाटतो, बोटांना मुंग्या येतात. तो म्हणतो, "टाकी उचलताना आखडला असेल." कोणास चूक केल्याची लाज, कोणास उद्याच्या विमानाची चिंता. बहुतेकांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: सांगितले तर खर्च किती येईल? लक्षणे बहुधा काही तासांतच उमटतात. ती दुपारी दिसावीत व माणसाने रात्रीपर्यंत गप्प राहावे. तोवर शेवटची बोट गेलेली असते. सकाळी उठावयास जावे तो पाय उचलत नाही, लघवी होत नाही.

उपचार आहे, आणि तो गुणकारी आहे. रोग्यास लोखंडी दाबकक्षात ठेवून अठरा मीटर खोलीइतका दाब देतात व शुद्ध प्राणवायू हुंगवितात. एका नेहमीच्या फेरीस पावणेपाच तास लागतात, आणि पुष्कळदा अनेक फेऱ्या कराव्या लागतात. परंतु असा कक्ष बेटाबेटांवर नसतो. स्वराजद्वीपाच्या लोकांना तो समुद्रापलीकडे, पोर्ट ब्लेअरच्या नौदल रुग्णालयात गाठावा लागतो. कित्येक हौशी लोक तर बॅरन बेटापर्यंत जातात. भारतातील तो एकमेव जागृत ज्वालामुखी पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटर दूर आहे. तेथे वस्ती नाही, मग वैद्य कोठला? वादळात बोटी बंद. विमानाने न्यावे तर उंचावर हवेचा दाब घटून बुडबुडे अधिकच फुगतात. म्हणून हेलिकॉप्टर अगदी खालून उडवावे लागते, किंवा आत समुद्रसपाटीचा दाब राखणारे विमान लागते. कक्षापेक्षा कक्षापर्यंतची वाटच कधी कधी अधिक महाग पडते, ती अशी.

म्हणून खर्चाचा विचार पाण्यात उतरण्यापूर्वी करावा, दुखणे आल्यावर नव्हे. प्रवासाच्या साध्या विम्यात पुष्कळदा बुडीचा अपघात धरीत नाहीत, किंवा ठराविक खोलीपर्यंतच धरतात. तेव्हा विमापत्र वाचून विचारावे: किती खोलीपर्यंत? दाबकक्षाच्या सर्व फेऱ्या धरल्या आहेत काय? बोटीने वा विमानाने हलविण्याचा खर्च कोण देणार? रुग्णालयास पैसे परस्पर मिळतील, की आधी आपण भरावयाचे? पाणबुड्यांसाठीच असलेला वेगळा विमाही मिळतो. त्याचा दूरध्वनी क्रमांक सोबत्याच्या खिशातही असावा. कारण बोलण्याची पाळी सोबत्यावरच येते. बोट ठरविताना शुद्ध प्राणवायूची टाकी आहे काय, ती धक्क्यापर्यंत पुरेल काय, जवळचा दाबकक्ष कोणता व तो आज चालू आहे काय, हे विचारण्यास संकोच वाटू देऊ नये.

आणि दुखणे आलेच, तर तात्काळ सांगावे. रोग्यास आडवे निजवून लगेच शुद्ध प्राणवायू द्यावा. शुद्धीवर असल्यास साधे पाणी पाजावे. मद्य देऊ नये. दुखणे जिरविण्यासाठी पुन्हा पाण्यात मुळीच उतरवू नये. प्राणवायूने बरे वाटले तरी वैद्यास दाखवावेच. प्रकृती उत्तम असली, तरी एका बुडीनंतर निदान बारा तास, आणि रोज बुड्या घेतल्या असल्यास निदान अठरा तास विमानात बसू नये.

वाचक म्हणतील, हे श्रीमंतांचे छंद. आमच्या कुटुंबांना त्याचे काय? पण वास्कोसमोरचे ग्रँड बेट, मालवणजवळची तारकर्ली, मुरुडेश्वरपुढचे नेत्राणी या ठिकाणीही आता हाच धंदा चालतो. पाहुणा दिवसातून एकदा खाली जातो. त्यास नेणारा मुलगा हंगामात दिवसातून अनेकदा जातो, आणि रजा घेतली तर मजुरी बुडेल म्हणून खांद्याचा ठणका गिळून टाकतो. तो मुलगा कोणाच्या तरी घरचा आहे. मालकाने आपला विमा उतरविला आहे काय, तो बुडीस लागू आहे काय, हे त्याने कामावर रुजू होतानाच विचारून कागदावर घ्यावे, आणि आईबापांनी त्यास निक्षून सांगावे, "बाळा, दुखले तर त्याच घटकेस सांग. पैशाचे आपण नंतर पाहू."

आम्ही परतीच्या बोटीत बसलो तेव्हा तो वाटाड्या नवे पाहुणे घेऊन निघाला होता. बोटीच्या नाळेवर प्राणवायूची टाकी दोरीने घट्ट बांधलेली होती. त्याने आधी ती उघडून पाहिली, पुन्हा बंद केली, आणि मगच नांगर उचलला.