नावाची नोंद

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना लागणाऱ्या आमच्या पालीजवळ बिंदुसरेचे धरण आहे, आणि त्याच वाटेवर, शहराच्या दक्षिणेस, निजामशाहीच्या आमदानीत 1582 च्या सुमारास सलाबतखानाने बांधविलेली खजाना विहीर आहे. या दोहोंविषयी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून वर्षानुवर्षे केलेली टिपणे संकेतस्थळाच्या रूपाने सर्वांस उपलब्ध व्हावीत, ही माझी मनीषा गेल्या हिवाळ्यात सिद्धीस गेली.

नाव देवनागरीतच हवे, हा माझा आग्रह 2014 पासून मिळू लागलेल्या ‘.भारत’ या प्रत्ययामुळे पुरा झाला. परंतु नावांच्या नोंदी ठेवणारी मूळ यंत्रणा रोमन अक्षरांवरच चालत असल्याने अशा प्रत्येक नावाला ‘एक्सएन’ने आरंभ होणारे एक सांकेतिक रूप असते, आणि होस्टिंगच्या नव्या खात्यात तेच भरावे लागते, हे उमगेपर्यंत ‘नाव अवैध’ हा शेरा मला तीनदा वाचावा लागला.

नाव एका कंपनीकडून व जागा दुसरीकडून घेतलेली. तेव्हा खरेदीखत झाले तरी फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत जसा धीर धरावा लागतो, तसाच तो येथेही धरावा लागला. नावाच्या दप्तरी नव्या नेमसर्व्हरची नोंद केल्यावरही ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी जुन्या नोंदीची नक्कल जपलेली असते, आणि तिची मुदत सरेपर्यंत, म्हणजे कधी कधी दोन दिवस, कोणाला नवे पान दिसते, कोणाला दिसत नाही.

खरे कष्ट मात्र मजकुराचे झाले. टिपणे पूर्वी छपाईच्या जुन्या फॉन्टात टंकलिखित करून घेतली होती. त्या फॉन्टात मराठी केवळ दिसते, आत साठते ती रोमन चिन्हे, म्हणून पानावर विहिरीच्या वर्णनाऐवजी निरर्थक अक्षरांची रास उमटली. 1991 पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे स्थान असताना आपली कितीतरी लेखनसंपदा अशा फॉन्टांत अडकून पडावी, याचे मला मनस्वी दुःख झाले. बावीस पाने मी पुन्हा, अक्षर न अक्षर, युनिकोडात उतरविली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावकीतल्या एका मुलाने नाशिकहून फोन करून विहिरीचे पान उघडल्याचे कळविले. ज्या पालीकरांच्या घरी विहिरीसंबंधी वा धरणासंबंधी जुनी कागदपत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी अस्सल आपल्यापाशीच ठेवून मला नक्कल तेवढी द्यावी.