उत्तरांची वही

'प्रॉक्सी' या शब्दाशी आम्हां प्राध्यापकांचे जुने वैर. मागच्या बाकावरच्या एकाने चौघांच्या वतीने 'येस सर' म्हणायचे, एवढाच त्याचा अर्थ मी गेली वीस वर्षे जाणत होतो. संगणक-कंपनीत काम करणाऱ्या भाचीच्या तोंडून तोच शब्द अदबीने ऐकला, तेव्हा मी कान टवकारले.

तिच्याकडे काम आले होते प्रवेश-अर्ज भरून घेणाऱ्या एका संकेतस्थळाचे. निकाल लागला की हजारो मुले एकाच दुपारी तिथे धावणार. त्याआधीच्या वर्षी अशाच एका ठिकाणी शेवटच्या रात्री पडद्यावर नुसते चाक फिरत राहिले, आणि माझ्या ओळखीच्या दोन मुलींचे अर्ज मुदतीबाहेर गेले. तेव्हा या कामात मला रस वाटला, तर नवल नाही.

जेमीटर नावाचे एक फुकट मिळणारे अवजार 1998 पासून आहे. ते ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसवतात. हाच तो प्रॉक्सी. सारी ये-जा त्याच्या 8888 क्रमांकाच्या दारातून. पाकिटे मोहोरबंद असतात, म्हणून ती उघडण्यासाठी तो ब्राउझरला स्वतःचे सात दिवसांचे तात्पुरते प्रमाणपत्र दाखवतो. आपण अर्ज एकदा भरायचा. तो टिपून घेतो, आणि मग त्याच बरहुकूम पाचशे लटके विद्यार्थी सर्व्हरवर सोडतो.

भाचीच्या सहकाऱ्याने असे पाचशे सोडले. सगळ्या खुणा हिरव्या! कचेरीत चहा मागवला गेला. पोरगी मात्र संशयी (आमच्या ताईवर गेली आहे). तिने आलेली उत्तरे उघडून पाहिली. पाचशेही जणांना सर्व्हरने एकच पान दिले होते : 'कृपया लॉगिन करा.' पण दिले होते 200 या क्रमांकासह, म्हणजे 'सर्व क्षेम'. आत कोणी गेलेच नव्हते.

"मामा, सर्व्हर दर खेपेला पानात एक नवा टोकन लपवून देतो. पुढच्या वेळी तोच परत द्यायचा. आमच्या टिपणात कालचाच टोकन कोरून बसला होता."

"मग तो कुठून आला, ते कळायचं कसं?"

"तेच तर! आपण काय विचारलं एवढंच टिपलं होतं. त्यानं काय सांगितलं, ते नाही."

मला आमच्या विषयातले पत्रसंग्रह आठवले. थोरांची पत्रे छापतात. ज्यांना ती लिहिली, त्यांची बंबात जातात. मग 'तुम्ही म्हणता ते पटले' या वाक्यावर आम्ही जन्मभर तळटिपा लिहीत बसतो.

तिने टिपण पुन्हा केले. या वेळी प्रॉक्सीच्या पोटात 'व्ह्यू रिझल्ट्स ट्री' नावाचा श्रोता बसवला आणि उत्तरे फाइलीत साठवली. टोकन शोधताच तो तिसऱ्या पानाच्या एका अदृश्य रकान्यात सापडला. दर खेपेला तो तिथून ताजा उचलायची सोय केली, आणि उत्तरात 'अर्ज क्रमांक' हे शब्द नसतील तर खूण लाल करायची, असेही बजावले.

मग पाचशे जण पुन्हा निघाले. या खेपेस उत्तरे साठवणे तिने मुद्दाम बंद ठेवले. एवढे लिहून घेताना चाचणी घेणारे यंत्रच धापा टाकते. निम्मे जण आत शिरले न शिरले तोच पडदा लालेलाल. असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. निकालाला अजून अकरा दिवस होते.